एका त्रैमासिकाचा इतिहास आणि 'सरंजाम' या शब्दाचा खटला



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे दर्शन मला कधी घडले नाही. परंतु आज सकाळपासून त्यांच्या विद्यार्थ्यांकडून जे ऐकले त्यावरून एवढे कळले, की वर्गात वर्तमानपत्राचे कात्रण वाचून दाखवावे आणि त्यातील एखाद्या शब्दापाशी मुलांना थांबवावे, अशी त्यांची रीत होती. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इंग्रजी त्रैमासिकावर बोलण्याचे धाडस केले, तर गुरुजींना ते फारसे विपरीत वाटले नसते, असा धीर मी स्वतःला दिला आहे. माझ्या व्याख्यानातही आपल्याला एका शब्दापाशी थांबावयाचे आहे.

ज्या त्रैमासिकाविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव 'इंडिया क्वार्टर्ली'. जानेवारी १९४५ मध्ये दिल्लीहून त्याचा पहिला अंक निघाला आणि ते आजही निघते. आपल्या देशात वैचारिक नियतकालिकांचे आयुष्य किती असते हे मराठी माणसाला सांगावयास नको. ऐंशी वर्षे टिकलेले असे नियतकालिक म्हणजे अपवादच होय. पण ते केवळ टिकले म्हणून मी हा विषय घेतलेला नाही. ते कोणी काढले, कशासाठी काढले आणि पुढे ते कोणाच्या हाती गेले, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या ह्या मुक्त झालेल्या मुलखातल्या माणसांनी जाणून घ्यावीत अशी आहेत.

थोडे मागे जाऊ. राष्ट्राराष्ट्रांतील संबंध हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा म्हणून उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. ह्या विषयाचे आरंभीचे नियतकालिक अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठातून १९१० मध्ये निघाले. त्याचे नाव होते 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट', म्हणजे वंशांच्या विकासाचे नियतकालिक! कोणते वंश विकसित झाले, कोणते व्हावयाचे आहेत आणि मागासलेल्यांना पुढारलेल्यांनी कसे सांभाळावे, हा त्या काळच्या 'आंतरराष्ट्रीय' विचाराचा गाभा होता. १९१९ मध्ये त्याचे नामांतर 'जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स' असे झाले आणि १९२२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या 'फॉरेन अफेअर्स' ह्या विख्यात त्रैमासिकात विलीन झाले. त्याच वर्षी लंडनच्या चॅटम हाउसनेही आपले नियतकालिक सुरू केले. पाटी बदलली, पण प्रश्न विचारणारा कोण आणि ज्याच्याविषयी विचारले जाते तो कोण, ही वाटणी पुष्कळ काळ तशीच राहिली. ह्या जगात हिंदी माणसाचा प्रवेश पाहुणा म्हणून होई. जवाहरलाल नेहरूंचा हिंदुस्थानच्या एकतेवरील लेख 'फॉरेन अफेअर्स'मध्ये जानेवारी १९३८ मध्ये आला, तो असाच.

हिंदुस्थानात चॅटम हाउसच्या नमुन्यावर १९३६ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स' ही संस्था स्थापन झाली होती. तिच्यावर सरकारी अधिकाऱ्यांचा पगडा होता. महायुद्ध सुरू झाल्यावर ही अडचण फार जाणवू लागली. हिंदुस्थानचे सैन्य तीन खंडांत लढत होते, १९४२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर हिंदुस्थानची सही होती; परंतु ती सही ज्यांनी केली त्यांची नेमणूक लंडनच्या मर्जीने झालेली. देशाला जागतिक परिषदांत खुर्ची होती, स्वतःचा आवाज मात्र नव्हता.

अशा वेळी, १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये, सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' ही बिनसरकारी, कोणत्याही पक्षाची नसलेली परिषद स्थापन झाली. काँग्रेसचे बहुतेक नेते तेव्हा तुरुंगात होते. ज्यांना लोक 'नेमस्त' म्हणून हिणवीत त्या उदारमतवादी मंडळींनी हे काम केले. नेमस्तांची टिंगल करण्यात आपण मराठी माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरीच शाई खर्च केली आहे. पण त्यांची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. राजकीय लढा शिगेला पोहोचला असताना, लढा संपल्यावर जे ज्ञान लागेल त्याची बेगमी करून ठेवण्याचे त्यांना सुचले.

१९४५ च्या जानेवारीत दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतील हॉट स्प्रिंग्ज येथे पॅसिफिक राष्ट्रांच्या प्रश्नांवर बिनसरकारी परिषद भरली. तीत सप्रूंच्या परिषदेच्या वतीने गेलेल्या हिंदी प्रतिनिधिमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांनी केले. आणि त्याच महिन्यात दिल्लीत 'इंडिया क्वार्टर्ली'चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. त्याची जबाबदारी परिषदेचे चिटणीस अ. अप्पादोराय यांच्याकडे होती. ते राज्यशास्त्राचे अध्यापक. कामाला वाघ आणि प्रसिद्धीपासून दूर, असा ज्या संपादकांचा वर्ग असतो त्यांतले.

ह्या परिषदेचा आणि महाराष्ट्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध पुण्याच्या भारत सेवक समाजातून येतो. १९४८ मध्ये परिषदेचे अध्यक्षपद पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्याकडे आले आणि १९७८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, ते त्यांच्याकडेच होते. कुंझरू जन्माने काश्मिरी पंडित, कर्मभूमी अलाहाबाद. पण दीक्षा गोपाळ कृष्ण गोखल्यांची. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या समाजाचे ते तरुणपणापासून सदस्य आणि १९३६ पासून अध्यक्ष होते. समाज देईल तेवढ्या निर्वाहात भागवावयाचे, स्वतःसाठी धन मिळवावयाचे नाही, अशी शपथ घेतलेला हा मनुष्य. समाजाचे 'सर्व्हंट ऑफ इंडिया' हे साप्ताहिक १९१८ पासून दोन दशके पुण्याहून निघत असे. वझ्यांसारखे मराठी संपादक त्यात आफ्रिकेतील व इतर वसाहतींतील हिंदी लोकांच्या हक्कांविषयी आकडेवारीनिशी लिहीत. परराष्ट्रविषयक प्रश्नावर भावनेच्या भरात न लिहिता कागद पुढे ठेवून लिहावे, ही सवय पुण्याच्या त्या छोट्या कार्यालयात रुजली होती. तीच कुंझरूंनी दिल्लीस नेली, असे माझे मत आहे.

कुंझरूंचा काळ हा परिषदेचा वैभवकाळ म्हटला पाहिजे. त्याची नांदी १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुराण्या किल्ल्यात भरलेल्या आशियाई परिषदेने आधीच झाली होती. तिचे यजमानपद सरकारकडे नव्हते, ह्या परिषदेकडे होते. १९५५ मध्ये सप्रू हाउसची इमारत उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले, अप्पादोराय त्याचे पहिले संचालक झाले. त्या विद्यालयाने १९५९ मध्ये 'इंटरनॅशनल स्टडीज' हे दुसरे त्रैमासिक काढले आणि १९७० मध्ये ते विद्यालय जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामावले गेले. फाळणीनंतर कराचीतही असेच एक नियतकालिक १९४८ मध्ये उगवले, 'पाकिस्तान होरायझन'. मुंबईत पोहेकरांनी १९४८ मध्येच 'युनायटेड एशिया' काढले होते. ते उत्साहाने चालले आणि पुढे थांबले. एका माणसाच्या खांद्यावरील नियतकालिक आणि संस्थेच्या खांद्यावरील नियतकालिक यांतील फरक येथे दिसतो.

आता मी आपल्या मुलखाकडे येतो. १९५५ हे वर्ष मी मुद्दाम उच्चारले.

२२ जुलै १९५४ रोजी दादरा, महिनाअखेर नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, गोवेकरांच्या इतर संघटना असे निरनिराळ्या विचारांचे लोक ह्या कामात होते. संगीतकार सुधीर फडके त्यांत होते, हे तर सर्वांना ठाऊक आहे. भारत सरकारने पोर्तुगीज सैन्याला दमणहून इकडे येण्यासाठी आपल्या भूमीतून वाट दिली नाही. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि अवघ्या आठ दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद दाखल केली. सप्रू हाउसमधील विद्यालय सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते!

ह्या खटल्यात भारताची बाजू मांडणाऱ्यांचे नेतृत्व महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी केले, आणि मुंबईचे न्यायमूर्ती छागला हे भारताच्या वतीने तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसले. परंतु वकिलांच्या यादीत इंग्रज, बेल्जियन, स्विस कायदेपंडितांची नावेही आहेत. नवस्वतंत्र देशाला आपल्याच खेड्यांचा खटला चालविण्यासाठी परक्या विद्वानांची मदत घ्यावी लागली. त्यांनी ते काम उत्तम केले, ह्यात शंका नाही. पण परिषदा, विद्यालये, त्रैमासिके कशाला हवीत, ह्या प्रश्नाचे उत्तर मी ह्या यादीकडे बोट दाखवून देतो. आंतरराष्ट्रीय कायद्याची भारतीय संस्था १९५९ मध्ये आणि तिचे नियतकालिक १९६० मध्ये निघाले, म्हणजे निकालाच्याच सुमारास.

आता तो शब्द. पोर्तुगालचे म्हणणे असे, की १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी मराठ्यांनी ही गावे आम्हांस सार्वभौम हक्काने दिली. त्या वेळी पेशवाईचा इंग्रजांशी झगडा चालू होता आणि पुण्याला पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. त्या मैत्रीपोटी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. पण 'दिली' म्हणजे काय दिले? भारताचे उत्तर असे, की दिला तो सरंजाम. वसुलाचा हक्क, राज्य नव्हे.

माझा पीएच.डी.चा विषय पेशवेकालीन सनदांची भाषा हा होता. मोडी शिकविणाऱ्या माझ्या गुरूंनी एक दिवस मला हेगच्या ह्या निकालपत्राचा इंग्रजी पाठ वाचावयास दिला. पेशवे दफ्तरातील कारकुनांची वाक्यरचना युरोपातील न्यायमूर्ती उलगडून पाहत आहेत, हे वाचताना मी थक्क झालो. 'सरंजाम' हा मूळचा फारसी शब्द. मराठीत त्याचे आयुष्य मोठे रंगीत आहे. आपल्या घरी लग्नाचा सरंजाम असतो, म्हणजे सामानसुमान, तयारी. आजच्या लेखनात 'सरंजामशाही' ही शिवी झाली आहे. पण अठराव्या शतकातील दफ्तरात सरंजाम म्हणजे फौजफाट्याच्या किंवा चाकरीच्या खर्चासाठी लावून दिलेले महसुली उत्पन्न. ते देणारा धनी राहतो, घेणारा चाकर वा आश्रित. आणि देणाऱ्याच्या मर्जीने ते परतही घेता येते. मराठ्यांना जेथे मुलूख कायमचा, राज्यासकट द्यावयाचा असे, तेथे ते तसे स्पष्ट शब्द वापरीत, हे इतर तहांवरून न्यायालयाला पटले. अशा सरंजामाला राज्यदान मानल्याचे एकही उदाहरण पुढे आले नाही. सबब १७७९ च्या तहाने सार्वभौमत्व गेले नाही, असा निर्णय झाला. एका मराठी शब्दाच्या अर्थावर जागतिक न्यायालयाने शिक्कामोर्तब केले.

येथे टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडची पुष्कळ भाषणे येथेच थांबतात. परंतु निकालपत्र पुढे जाते. शब्दाचा अर्थ आपल्या बाजूने लागला; तरी पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ह्या गावांत पोर्तुगीजांचाच एकट्याचा अंमल पाहिला, त्याला हरकत घेतली नाही, आणि त्या मूक संमतीने पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व व्यवहारात मानले गेले, असे न्यायालय म्हणाले. सव्वाशे वर्षांची वहिवाटही त्याने मोजली. 'वहिवाट' हा शब्द बांधावरून भांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. १२ एप्रिल १९६० च्या निकालात ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले, की १९५४ मध्ये पोर्तुगालला खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता. ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले, की सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांच्यासाठी तो नव्हता. आणि ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले, की भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही. मधला निर्णय एका मताचा आहे, हे लक्षात घ्या.

ही अशी गुंतागुंत दैनिकाच्या अग्रलेखात मावत नाही. विजयाच्या मथळ्याखाली ११ विरुद्ध ४ हा आकडा दडपला जातो. त्रैमासिकाचे काम येथे सुरू होते. तीन महिन्यांनी येणारा अंक बातमी देऊ शकत नाही, म्हणून त्याला निकालपत्र पूर्ण वाचावे लागते, विरोधी मतांची पाने उलटावी लागतात, आणि आपल्या देशाच्या बाजूचा दुबळा दुवा आपल्याच वाचकांना दाखवावा लागतो. सरकारी प्रसिद्धिपत्रकाला ते करता येणार नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. सप्रूंनी आणि कुंझरूंनी परिषद बिनसरकारी ठेवण्याचा जो आग्रह धरला, त्याचे मर्म मला येथे दिसते. कुंझरूंना सरकारचे वावडे नव्हते. ते वर्षानुवर्षे कायदेमंडळात व संसदेत बसले. पण तेथेही ते काँग्रेसबाहेरचे म्हणून बसले आणि कागद वाचून बोलले.

कुंझरूंच्या पश्चात मात्र सप्रू हाउसला उतरती कळा लागली. कारणे अनेक. विद्यालय आधीच विद्यापीठात गेले होते, तरुण अभ्यासक त्याच्याबरोबर गेले. आणि खालसा मालमत्ता नसलेल्या सार्वजनिक संस्थेत मोक्याची इमारत तेवढी उरली, की तिच्याभोवती काय घडते हे आपण आपापल्या गावातील वाचनालयांवरून जाणतोच. अखेर २००० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून परिषद ताब्यात घेतली. २००१ मध्ये संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून घोषित केले, आणि उपराष्ट्रपती हे तिचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. सरकारच्या छायेतून बाहेर पडण्यासाठी जन्मलेली संस्था अठ्ठावन्न वर्षांनी सरकारच्या छत्राखाली आली.

ह्याविषयी दोन टोकांची मते मी ऐकली आहेत. माझे मत असे आहे. ताबा घेतला नसता, तर ग्रंथालय आणि त्रैमासिक वाचले असते की नाही, ह्याची खात्री देता येत नाही. आज 'इंडिया क्वार्टर्ली' नियमित निघते, त्याचे लेख तज्ज्ञांकडून तपासले जातात, परदेशी अभ्यासक त्यात लिहितात. हा लाभ खरा आहे. पण बिनसरकारी संस्था सरकारने नव्हे, तिच्या सभासदांनी गमावली. वर्गणी भरणारा, सभेला येणारा, हिशेब विचारणारा सभासद नाहीसा झाला, आणि मग कायद्याने पोकळी भरून काढली. कुंझरूंसारखा अध्यक्ष तीस वर्षे मिळाला, ह्या सुदैवातच त्या दुर्दैवाचे बीज असावे; कारण एवढा काळ एकाच्या सचोटीवर विसंबलेल्या संस्थेला हिशेब विचारण्याची सवय उरत नाही.

मराठीचे काय? 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारख्या नियतकालिकांनी परराष्ट्रनीतीवर वेळोवेळी चांगले लेख छापले. पण ह्या विषयाला वाहिलेले, दीर्घकाळ चाललेले त्रैमासिक मराठीत झाले नाही. परिणाम असा, की 'सरंजाम' शब्दाचा खटला इंग्रजी व फ्रेंच निकालपत्रात आहे, त्यावरील चर्चा जगभरच्या विधिविषयक नियतकालिकांत आहे, आणि ज्या भाषेतील तो शब्द, त्या भाषेतील वाचकाला तो ऐकीव गोष्टीसारखा माहीत आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकाने पोर्तुगीज-मराठे संबंधांची कागदपत्रे आयुष्यभर खपून उजेडात आणली. त्यांचा वापर करणारे हात मराठीत थोडे निघाले.

आणखी एक उणीव मला सतावते. त्या निकालपत्रात पेशवे आहेत, पोर्तुगीज व्हाइसरॉय आहेत, इंग्रज गव्हर्नर आहेत. ज्या बहात्तर गावांचा वाद, तेथे राहणारे वारली, कोकणा, धोडिया हे त्या खटल्यात केवळ लोकसंख्या म्हणून येतात. बारा हजारांचा वसूल कोणाच्या पाठीवरून निघत होता, हे कोणत्याही पक्षाच्या वकिलाने सांगितले नाही. त्यांना ते सांगण्याचे कारण नव्हते. १९५४ ते १९६१ ही सात वर्षे तर आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकाला अपूर्व वाटावीत अशी. येथे पोर्तुगाल नाही आणि कायद्याने भारतही नाही. वरिष्ठ पंचायत कारभार पाहते, पोर्तुगीज तिकिटांवर मुक्त प्रदेशाचा छाप मारून टपाल चालते, आणि शेवटी ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर भारताच्या पंतप्रधानांसमोर सही करण्यासाठी बदलानी नावाच्या प्रशासकीय अधिकाऱ्याला एका दिवसापुरते ह्या मुलखाचे प्रमुख व्हावे लागते! ह्या सात वर्षांचा इतिहास येथील माणसांच्या तोंडून कोणी लिहून घेतला आहे काय, अशी विचारणा मी आज सकाळी शिक्षकांच्या खोलीत केली, तेव्हा दोघातिघांनी आपापल्या आजोबांच्या पेटीचा उल्लेख केला.

त्या पेट्या उघडाव्यात, अशी माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. वरिष्ठ पंचायतीच्या काळातील महसुलाची पावती, तिकीट लावलेले पाकीट, परवाना, शाळेचा दाखला, पोर्तुगीज भाषेतील एखादे समन्स, जे असेल ते. मूळ कागद घरीच ठेवा, शाळेला त्याची प्रत द्या आणि कागद कोणाचा, कोठे सापडला, हे मागे लिहा. १९५४ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांचे बोलणे वारलीत असेल तर वारलीत, गुजरातीत असेल तर गुजरातीत, जसेच्या तसे उतरून घ्या, शुद्ध करू नका. पुढील वर्षी ह्याच दिवशी त्यांपैकी दहा कागद ह्या टेबलावर मांडलेले असतील, तर ते वाचावयास मी स्वखर्चाने येईन; मोडीतला एखादा असल्यास तो लावून देण्याचे काम माझ्याकडे राहील.